कृत्रिम पाय लावून चालताना पडणं : कारण शोधायचं कसं?

ओळंबा

पाय कापावा लागलेलं माणूस पडलं की केसपेपरवर 'तोल गेला' एवढंच लिहिलं जातं. त्यावरून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. गुडघा अचानक वाकला, चवडा जमिनीला अडकला, वळताना पाऊल मागे राहिलं, की पाय लावलेलाच नव्हता? ही चार पडणी वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे.

आकडा एकच देतो. पायाचं विच्छेदन झालेल्या ४३५ जणांची एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. त्यातले ५२ टक्के लोक आदल्या वर्षभरात निदान एकदा तरी पडले होते, आणि ४९ टक्के लोकांना पडण्याची भीती वाटत होती. ही सगळी माणसं घरी राहणारी, हिंडती-फिरती. गुडघ्याच्या वर विच्छेदन, पाठ-सांध्यांचं दुखणं, स्टंपच्या (पायाच्या उरलेल्या भागाच्या) आणि कृत्रिम पायाच्या तक्रारी हे सगळं पडणाऱ्यांमध्ये जास्त होतं.

मुळात गेलंय काय ते बघा. नुसतं उभं राहिलं तरी शरीर किंचित पुढे-मागे झुलत असतं आणि पोटरीचे स्नायू घोट्यातून ते सावरत असतात. साधं कृत्रिम पाऊल वजनाखाली दबतं, सुटलं की परत येतं, पण आपणहून जमीन ढकलत नाही. तळव्याची जाणीवही गेलेली. जमीन उतरती आहे की खडबडीत, हे स्टंपवर सॉकेटचा (स्टंप ज्यात बसतो त्या कवचाचा) दाब कुठे वाढला त्यावरून ताडायचं. म्हणजे सावरण्याचं काम खुब्यावर, दुसऱ्या पायावर आणि डोळ्यांवर येतं. अंधारात, किंवा छातीशी मोठं खोकं धरून पावलं दिसत नसताना हीच माणसं जास्त अडखळतात, त्याचं कारण हे.

पडल्यावर पाच गोष्टी विचारा: कुठल्या बाजूला पडलात, वजन कुठल्या पायावर होतं, पायात काय घातलं होतं, किती वाजले होते, आणि स्टंपवर किती मोजे होते. शेवटचे तीन प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उत्तर बरेचदा तिथेच सापडतं.

सांधेजोड

चांगला धागा. फिजिओच्या बाजूने वळण्याबद्दल लिहिते, कारण सरळ चालताना व्यवस्थित दिसणारी माणसं वळताना हमखास उघडी पडतात.

खुर्चीवरून उठणं, ३ मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं ही चाचणी सगळेच करतात आणि फक्त एकूण वेळ लिहून ठेवतात. एका बाजूचा पाय गुडघ्याखाली गेलेल्यांमध्ये १९ सेकंद किंवा जास्त लागले तर पुन्हापुन्हा पडण्याचा धोका जास्त, असा अंदाज २००७ च्या एका अभ्यासातून आला. त्याच अभ्यासात नुसतं वळणंही मोजलं होतं. अर्धं वर्तुळ फिरायला ३.७ सेकंद किंवा जास्त, अथवा ६ किंवा जास्त पावलं लागत असतील तर लक्ष द्यायला हवं.

दुसरी चाचणी चार चौकोनांची. जमिनीवर चार काठ्या अधिकच्या खुणेसारख्या ठेवायच्या. चारही घरांतून एकदा घड्याळाच्या दिशेने आणि लगेच उलट दिशेने जायचं, दोन्ही पावलं प्रत्येक घरात टेकली पाहिजेत, काठीला पाय लागता कामा नये, तोंड शक्यतो समोरच. इथे धोक्याची रेषा २४ सेकंदांची. पुढे, बाजूला आणि मागे अशी तिन्ही पावलं यात येतात. मागचं पाऊल टाकताना कोण कुठे अडतं ते लगेच दिसतं.

मोजपट्टी

या रेषा गुडघ्यावरच्या विच्छेदनाला जशाच्या तशा लावू नका. १४ कृतींची ५६ गुणांची बर्ग चाचणीही चालत्या-फिरत्या माणसाला फसवते. बरेच जण ५० च्या वर गुण मिळवतात आणि तरी पडतात. त्यापेक्षा विच्छेदन झालेल्यांसाठीच बनवलेली २१ बाबींची चाचणी (एएमपी) घ्यावी. ती कृत्रिम पाय लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे करता येते.

आणि भीती वेगळी मोजा. १६ कामं सांगून 'हे करताना तोल सांभाळाल याची किती खात्री वाटते?' असं विचारणारी प्रश्नावली आहे. कुवतीपेक्षा भीती जास्त असली की माणूस चालणं कमी करतं, खुब्याचे स्नायू आणखी बारीक होतात. कुवतीपेक्षा खात्री जास्त असेल तर तो वेगळाच ताप!

तिसरा_पाय

गुडघा अचानक वाकून पडणं, यावर कुणीतरी सविस्तर लिहा. गुडघ्यावरचा पाय, साधा यांत्रिक गुडघा. नवीन चप्पल घातल्यावरच गुडघा सटकतो, जुन्या बुटात काही होत नाही.

ओळंबा

@तिसरा_पाय, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. टाचेची उंची.

पाऊल बसवताना ते ठरावीक टाचेसाठी बसवलेलं असतं, बऱ्याच पावलांत साधारण १० मिलिमीटर. इथे टाचेची उंची म्हणजे बाहेरून दिसते ती नव्हे. पादत्राणाची टाचेखालची जाडी मोजा, चवड्याखालची जाडी मोजा, पहिल्यातून दुसरी वजा करा. पूर्ण सपाट जाड तळव्याची चप्पल ४० मिलिमीटर जाड असली तरी फरक शून्य. उलट दिसायला बेताचा एखादा बूट २० मिलिमीटर निघतो.

फरक वाढला की कृत्रिम पायाची नळी पुढे झुकते, गुडघा वजनाच्या रेषेच्या पुढे जातो आणि टाच टेकताच वाकतो. फरक कमी झाला, किंवा अनवाणी चाललात, तर नळी मागे रेलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि सपाट जमिनीवरही चढ चढल्यासारखं वाटतं. अशा वेळी गुडघा सहसा सटकत नाही, पण वेळेवर वाकत नाही आणि चवडा घासतो. घरात अनवाणी चालायचं असेल तर टाचेखाली पाचर लागते. किती जाड ते प्रोस्थेटिस्टने (कृत्रिम पाय बनवून बसवणाऱ्याने) उभं करून ठरवायचं.

मऊ टाचेच्या बुटाऐवजी कडक टाचेचा बूट घेतला, तरी उंची तीच राहूनही टाच टेकताना गुडघा पुढे फेकला जातो.

आता अलाइनमेंट, म्हणजे कृत्रिम पायाचे भाग एकमेकांशी कसे जुळवलेत ते. खुब्याचा बाहेरून हाताला लागणारा उंचवटा आणि घोटा यांना जोडणारी रेषा बाजूने बघा. गुडघ्याचा आस त्या रेषेच्या किंचित मागे असला की उभं राहताना गुडघा आपोआप सरळ राहतो. म्हणून 'सुरक्षित करून द्या' म्हटलं की तो आणखी मागे सरकवायचा मोह होतो. पण फार मागे गेला तर पाय उचलताना वाकवायला जोर लागतो, पाय ताठ फिरतो, चवडा अडकतो. एक पडणं टाळून दुसरं आणलं, एवढंच.

ॲलन की घेऊन घरी स्क्रू फिरवू नका. पाऊण फेऱ्याने सगळं गणित बदलतं, आणि नीट आवळला न गेलेला स्क्रू चालता चालता सैल होतो.

सांधेजोड

यात एक भर. गुडघा सटकण्याचं सगळं खापर पायावर फोडू नका. खुबा पुढच्या बाजूला आखडला असेल तर स्टंप मागे दाबताच येत नाही, आणि साधा गुडघा सरळ धरून ठेवायचं काम मागे दाबण्यानेच होतं. खुर्चीत दिवस काढणाऱ्यांचं हे हमखास होतं. रोज २–३ वेळा, १५–२० मिनिटं पालथं झोपायचं, मान चांगल्या पायाच्या बाजूला वळवून. स्टंपखाली उशी ठेवायची नाही, रात्रीसुद्धा. उशीने बरं वाटतं खरं, पण आखडतं त्याच स्थितीत.

निळी_पिशवी

मोज्यांचं काय? दुपारनंतर पाय सैल वाटतो, मग एक मोजा चढवायचा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं.

ओळंबा

मोजे नीट समजून घेतले तर निम्मी भांडणं मिटतील.

स्टंपचं आकारमान दिवसभरात बदलतं. बहुतेकांचा दुपारपर्यंत बारीक होतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात तर महिन्या-महिन्याला. डायलिसिसवर असलेल्यांचा डायलिसिसच्या आधी एक आणि नंतर एक, अशी दोन मापं. सॉकेट मात्र ठरल्या मापाचं. मधली जागा भरायला स्टंपचे मोजे, १, ३ आणि ५ पदरांचे.

मोजे कमी पडले की स्टंप सॉकेटमध्ये खाली उतरतो. टोकाला दाब येतो, गुडघ्याखालच्या पायात वाटीचं हाड टोचतं, पाय त्या बाजूला आखूड पडतो आणि माणूस तिकडे कलून चालतं. सॉकेट फिरायला लागतं, पाऊल आत किंवा बाहेर तोंड करतं. आणि ज्याकडे दुर्लक्ष होतं ते असं: पाय उचलल्यावर सैल सॉकेट खाली लोंबतं. म्हणजे टेकलेला असताना आखूड असलेला पाय हवेत लांब होतो, आणि चवडा अडकतो.

मोजे जास्त झाले तर स्टंप पूर्ण आत जात नाही. पाय लांब पडतो. चवडा पुन्हा अडकतो! म्हणून चवडा अडकतोय एवढ्यावरून मोजा वाढवायचा की काढायचा ते ठरत नाही. स्टंपवरची लाली कुठे आहे ते बघा. पाय काढल्यावर १५–२० मिनिटांत लाली गेली नाही, तर त्या जागी दाब जास्त आहे.

पिनवाल्या लायनरमध्ये (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण, त्याच्या टोकाची पिन सॉकेटच्या तळातल्या कुलपात अडकते) उभं राहून किती 'कट्' आवाज येतात ते मोजायची सवय लावा. रोज सात येत असतील आणि आज चार आले, तर मोजे जास्त आहेत किंवा स्टंप सुजलाय. मोज्याच्या टोकाचं भोक पिनवर नीट बसलं नाही आणि कापड कुलपात गेलं, तर पिन अर्धवट अडकते. बसल्या जागी पक्की वाटते, चार पावलांवर सुटते. म्हणून उभं राहिल्यावर आधाराला धरून पाय उचलायचा, झटका द्यायचा, मगच चालायचं.

व्हॅक्यूमने बसणाऱ्या पायात झडपेतला मळ आणि सीलमध्ये आलेली मोज्याची घडी बघा. बाहेरून चढवलेल्या रबरी स्लीव्हला टाचणीएवढं भोक पडलं तरी हवा शिरते.

मोजपट्टी

थोडा विरोध नोंदवतो. मोजे वाढवत राहणं हा उपाय नव्हे, ती टाळाटाळ आहे. एकूण १० पदरांच्या वर गेलात तर सॉकेटचा आकार आणि स्टंपचा आकार यांचा संबंध सुटलेला असतो. मोजा सगळीकडे सारखा जाड, स्टंप सगळीकडे सारखा बारीक होत नाही. जिथे हाड आहे तिथे दाब वाढतो, मांसल भागात पोकळी तशीच. सॉकेट बदलायला हवं.

ओळंबा

मान्य. निदान आतून पॅड तरी लावून घ्यावं. पण नवीन सॉकेट हातात पडेपर्यंत चालायचंच आहे ना? तेव्हा मोजेच.

रात्रपाळी

कृत्रिम पाय मिळायच्या आधीचे आठवडे इथे राहूनच गेलेत. वॉर्डात होणारी पडणी तिथलीच.

गेलेला पाय जाणवत राहतो. रात्री अर्धवट झोपेत माणूस उठतं, पाय आहे अशाच समजुतीने खाली टाकतं आणि थेट स्टंपवर आदळतं. टाके उसवतात, जखम उघडते, कधी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. समजावून सांगून भागत नाही, कारण त्या क्षणी माणूस जागंच नसतं. व्यवस्थाच अशी हवी की घाई होणार नाही. लघवीचं भांडं हाताशी, मंद दिवा चालू, वॉकर किंवा चाकाची खुर्ची चांगल्या पायाच्या बाजूला, पलंगाची उंची अशी की बसल्यावर चांगलं पाऊल पूर्ण टेकेल. गुडघ्याखालच्या स्टंपवर काढता-घालता येणारं कडक कवच असेल तर पडल्यावर जखम वाचते, आणि गुडघाही सरळ राहतो.

चाकाच्या खुर्चीबद्दल: पायांचं वजन गेल्यावर शरीराचा भार मागे सरकतो. दोन्ही पाय गेले असतील तर फारच. साधी खुर्ची उतारावर मागे उलटते. मागची चाकं आणखी मागे बसवून घ्यायची, किंवा मागे उलटू न देणारी छोटी चाकं लावायची. उठताना दोन्ही ब्रेक लावायचे आणि पायपट्टी आधी बाजूला करायची. पायपट्टीवर पाऊल ठेवून उठलं की खुर्ची पुढे उलटते.

न्हाणीघरात लंगडी घालत जाणं बंद. आधाराच्या दांड्या भिंतीत स्क्रूने पक्क्या केलेल्याच हव्यात. रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्या अंगाचा भार घ्यायच्या कामाच्या नाहीत. बसून आंघोळ, आणि पाय कोरडा करूनच लायनर.

कडू_गोळी

औषधांकडेही बघा. गेलेल्या पायाच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन दिलं जातं. दोन्हींनी झोप आणि गरगर येते, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर. वर झोपेची गोळी आणि बीपीच्या दोन गोळ्या. ५ मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर 'तोल गेला' नाही, बीपी पडलंय. मनाने गोळ्या बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

मधुमेहात राहिलेला पाय 'चांगला' असेलच असं नाही. १० ग्रॅमच्या तंतूने (तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने) तळव्याची जाणीव तपासा. ती गेली असेल तर दोन्हीकडून जमीन कळत नाही, सगळी मदार नजरेवर. नजरही मधुमेहानेच अधू झालेली असते कित्येकदा.

निळी_पिशवी

व्यायाम सांगा ना कुणी. 'तोलाचे व्यायाम करा' असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

सांधेजोड

पाय नीट बसतोय हे आधी बघून घ्या. सैल सॉकेटवर व्यायाम केला तर चुकीचं सावरणंच पक्कं होतं.

पहिलं, वजन. दोन सारखे वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका पायाखाली एक, समोर पक्कं टेबल. ६० किलोच्या माणसाने ३०-३० दाखवायला हवेत. बहुतेक जण कृत्रिम पायावर बरंच कमी टाकतात आणि त्यांना ते कळतही नाही. आकडा बघत वजन सरकवा, मग न बघता सरकवा आणि नंतर बघा. आधी दोन्ही हात टेबलावर, मग एक, मग नुसती बोटं.

दुसरं, पायरी. साधारण १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर चांगलं पाऊल *हळू* ठेवायचं आणि हळू उतरवायचं. १० वेळा, अशा ३ फेऱ्या. पाऊल धप्पकन पडलं तर कृत्रिम पायावर उभं राहिलाच नव्हता. घाईने २० केले त्यापेक्षा हळू ४ केलेले बरे.

तिसरं, खुब्याचा बाजूचा स्नायू. चांगल्या कुशीवर झोपून स्टंप वर उचला. कंबर मागे कलंडू द्यायची नाही, नाहीतर भलताच स्नायू काम करतो. उताणं झोपून स्टंपखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत कंबर उचला, ५ सेकंद धरा.

मग वळणं. कृत्रिम पावलावर गिरकी घ्यायची नाही, छोटी पावलं टाकत कमान करायची, दोन्ही दिशांना. हे जमलं की चालता चालता बोलायला लावा. बोलायला लागल्यावर चाल थांबत असेल तर रस्त्यावर एकटं सोडायची वेळ आलेली नाही.

पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. तीव्र उतारावर आडवं होऊन, चांगला पाय चढाच्या बाजूला ठेवून. काठी कृत्रिम पायाच्या *विरुद्ध* हातात, मूठ मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला.

तिसरा_पाय

धन्यवाद, चपलेची टाच मोजली. २२ मिलिमीटर. मायक्रोप्रोसेसरचा गुडघा घेतला तर हे प्रश्न सुटतील का?

मोजपट्टी

काही सुटतील. तो सेन्सरवरून पायाची स्थिती सतत वाचतो आणि चवडा अडकला की वाकण्याला विरोध वाढवतो, त्यामुळे सावरायला क्षणभर मिळतो. साध्या गुडघ्यात तो क्षण मिळत नाही. चार दांड्यांचा यांत्रिक गुडघाही वाईट नाही. उभं राहताना स्थिर, आणि वाकताना पाय किंचित आखूड होत असल्याने चवडा सुटतो. फारच अशक्त असलेल्यांना कुलूपवाला गुडघा, मात्र ताठ पाय बाजूने फिरवून चालावं लागतं.

सैल सॉकेट, आखडलेला खुबा आणि २२ मिलिमीटरची टाच यांवर कुठल्याच गुडघ्याची मात्रा चालत नाही. बॅटरी संपल्यावर गुडघा ताठ होतो की मोकळा सुटतो, ते मॉडेलनुसार वेगळं असतं. विकत घ्यायच्या आधी विचारा, आणि आधाराच्या दांड्यांमध्ये उभं राहून प्रत्यक्ष करून बघा.

रात्रपाळी

जमिनीवरून उठणंही शिकवा, पडायच्या आधीच.

पडल्यावर लगेच ओढून उठवायचं नाही. आधी डोकं, खुबा, मनगट दुखतंय का ते विचारा. खुब्यात कळ येत असेल किंवा पाय हलवता येत नसेल तर तसंच राहू द्या आणि मदत बोलवा. सगळं ठीक असेल तर कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर येऊन जड, न सरकणाऱ्या खुर्चीपर्यंत. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. कृत्रिम पायाचा गुडघा जमिनीवर, चांगलं पाऊल पुढे टेकलेलं. हात आणि चांगला पाय एकदम दाबून उठायचं, वळून बसायचं. पाय लावलेला नसेल तर खुर्चीला पाठ करून आधी बुटक्या स्टुलावर, मग खुर्चीत.

बसल्यावर लायनर काढून स्टंप सगळीकडून बघा, मागची बाजू आरशात. पाऊल पूर्वीच्याच दिशेला आहे ना, सॉकेटला तडा नाही ना, सांध्यातून टकटक येत नाही ना, ते तपासा. यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी कुबड्या किंवा चाकाची खुर्ची, आणि पाय प्रोस्थेटिस्टकडे.